पाच नंबरच्या लाइनवरची हाक

ही गोष्ट खरी आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ऐकून झाल्यावर लोक हेच विचारतात. देवाला स्मरून सांगते, यात पदरचं काही घातलेलं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मामेबहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ताई. तिने मला हे सगळं एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकदाही आवाज चढवला नाही. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भुताची गोष्ट म्हटली की काळोख लागतो, कुत्रं रडावं लागतं. इथे तसलं काही नव्हतं.

लख्ख दुपार होती. सोमवार. दोन वाजून दहा मिनिटं.

ताई एका शुश्रूषागृहात कॉम्प्युटरची देखभाल करायची. ऑपरेशन झालेली, हाड मोडलेली, थकलेली माणसं तिथे महिना-दोन महिने राहायला येत. तीन मजले, लांबच लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास. तळमजल्यावर चादरींच्या खोलीला लागून ताईची खोली होती. खोली कसली, कपाटच ते. एक टेबल, दोन स्क्रीन, एक खुर्ची. दुसरं माणूस आलं तर त्याने दारातच उभं राहायचं.

त्या सोमवारी ताई दहा दिवसांनी कामावर आली होती.

कारण त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अकरा नंबरच्या खाटेवर तिचे वडील गेले होते.

आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. जन्मभर शिवणयंत्रावर वाकून काम केलेला माणूस. बाथरूममध्ये पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुढचे दोन महिने कुठे ठेवायचं, असा प्रश्न आला तेव्हा ताईनेच हट्ट धरला.

"माझ्या इथेच या. माझ्या डोळ्यांसमोर राहाल."

"तुझे डोळे त्या काचेत असतात," नाना म्हणाले. "माझ्यासमोर कधी असायचे?"

असं म्हणून हसले, आणि आले.

नानांची एक खोड होती. ते एकदाच हाक मारायचे. पाणी हवं असलं तर एकदा. कात्री हरवली तर एकदा. कुणी ऐकलं नाही तर गप्प बसायचे. मामी वैतागायची. "अहो, दुसऱ्यांदा हाक मारलीत तर जीभ झिजेल का तुमची?" नाना नुसते मान हलवायचे. पण दुसरी हाक त्यांच्या तोंडून कधी आलीच नाही.

तर ते गेले त्या दिवशी काय झालं, ते सांगते.

प्रत्येक खाटेला एक बटण होतं. वायरीला लटकणारं, मुठीत मावेल एवढं. दाबलं की कॉरिडॉरच्या टोकाला सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खाटेचा नंबर उजळायचा आणि बेल वाजायची. त्या गुरुवारी दुपारची ड्यूटी धाकट्या सिस्टरची होती. वयाने सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे धाकटी सिस्टरच म्हणत. दोन वाजून दहा मिनिटांनी तीन नंबर वाजला. तिथल्या आजींची उशी खाली पडली होती. सिस्टर गेली, उशी दिली, आजींनी तिला धरून बसवलं आणि सुनेच्या कागाळ्या सांगितल्या. मग ती परत आली, बसली, कागद भरत राहिली.

पावणेतीनला चहाची ट्रॉली अकरा नंबरपाशी आली.

नाना गेले होते.

डोळे मिटलेले. चेहरा शांत.

आणि अंगठा... बटणावर. घट्ट दाबलेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लगेच कुणी पोचलं असतं तर? डॉक्टरांनी हात पसरले. सांगता येत नाही, म्हणाले.

हे "सांगता येत नाही" घरात फार दिवस राहिलं.

दादाने, म्हणजे ताईच्या भावाने, तक्रार केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. अंगठा बटणावर होता, म्हणजे बेल दाबली. बेल दाबली म्हणजे वाजली. वाजली आणि सिस्टर उठली नाही. मग घाबरून तिने रेकॉर्डमधून अकरा नंबर पुसून टाकला. कारण रेकॉर्डमध्ये अकरा नंबरची हाक नव्हतीच. फक्त तीन नंबरची होती.

धाकट्या सिस्टरला घरी बसवलं. चौकशी लागली. ती दोषी ठरली असती तर तिला परत कुठेही नर्सचं काम मिळालं नसतं. आणि सगळं येऊन अडलं होतं एका कागदावर. बेलची यंत्रणा नीट होती की नव्हती, हा अहवाल ताईने शनिवारपर्यंत द्यायचा होता.

"तुम्हीच द्या," मॅनेजर म्हणाले. "यंत्र तुमचं, वडीलही तुमचे. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

त्या सोमवारी सकाळी धाकटी सिस्टर जिन्यात उभी होती. इमारतीत यायची तिला बंदी होती, तरी आली होती.

"ताई, अकरा नंबर वाजला नाही हो. आईची शपथ. मी काय बहिरी आहे का?"

ताई एक पायरी वर थांबली.

"ती बेल सलग वाजते," ती म्हणाली. "उत्तर देईपर्यंत थांबत नाही. नाही वाजली, असं होऊच शकत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

ताई मॅनेजरांच्या खोलीकडे वर निघून गेली.

 

आता जरा यंत्राचं सांगते. मला जेवढं कळलं तेवढंच, सोपं करून.

कॉम्प्युटरच्या आत एक मुख्य चिप असते. ती आपली कामात गढलेली असते. कीबोर्ड, प्रिंटर, बेलचं कार्ड, कुणालाही तिचं लक्ष हवं असलं तर एका लाइनवरून तिला हाक द्यावी लागते. हाक आली की चिप हातातलं काम तिथल्या तिथे ठेवते, काय हवं ते बघते आणि मगच परत कामाला लागते. याला इंटरप्ट म्हणतात. या लाइनी मोजक्याच असतात. प्रत्येकीला नंबर असतो.

ताईच्या स्क्रीनवर एक प्रोग्रॅम होता. इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची जणू कुंडलीच. कुठल्या मशीनमध्ये काय बसवलंय, कुठली लाइन कुणाकडे आहे. एकेका लाइनीपुढे रकाने. लाइन नंबर. कोण वापरतं. मोकळी की व्यस्त. दोघांत मिळून चालते का. हाकेचा प्रकार कोणता. आणि आतापर्यंत हाका किती आल्या.

हाकेचे प्रकार दोन. एक सलग. म्हणजे तान्ह्या मुलासारखी, उचलून घेईपर्यंत रडणं थांबत नाही. दुसरी टकटक. म्हणजे दारावर एकदाच वाजवलं, आणि मग शांत.

सिस्टरच्या टेबलावरचं मशीन चौकशीसाठी बंद केलेलं होतं. वायरी काढून, वर चिकटपट्टी लावून स्टोअरमध्ये ठेवलेलं. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये त्याचं पान राखाडी दिसायला हवं होतं. संपर्क नाही, असं.

दिसत होतंही. सगळ्या लाइनी राखाडी. कीबोर्ड, संपर्क नाही. प्रिंटर, संपर्क नाही.

एक सोडून.

पाच नंबरची लाइन... व्यस्त.

ताईला वाटलं, जुनी नोंद अडकली असेल. तिने पान बंद केलं, परत उघडलं. तेच. पुढे लिहिलेलं होतं: बेल कार्ड एक, बेल कार्ड दोन. हाकेचा प्रकार: सलग. हाका: चार हजार सहाशे बारा.

बाहेर कॉरिडॉरमध्ये नेहमीची गडबड होती. ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती. पाण्याच्या कूलरची घरघर. शेजारी चादरी मोजणाऱ्या मावशी मोठ्याने आकडे म्हणत होत्या. "एकवीस, बावीस, तेवीस..."

आणि मग...

आवाज आला नाही. आवाज थांबले.

चाकं थांबली. घरघर थांबली. मावशींचा चोविसावा आकडा आलाच नाही.

ताई सांगत होती, असं वाटलं की सगळी इमारत हातातलं काम ठेवून कुणाचं तरी ऐकते आहे.

स्क्रीनवर आकडा हलला.

चार हजार सहाशे तेरा.

"चोवीस," मावशी म्हणाल्या. कूलर घरघरला.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मंगळवारी ताई मुद्दाम दीड वाजल्यापासून बसून राहिली. मनाला समजावत होती, बिघाड असतो, कुठेतरी काहीतरी अडकतं. दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच. शांतता. आणि एकच आकडा पुढे.

चार हजार सहाशे चौदा.

रोज एकदा. फक्त एकदा.

"मावशी," तिने भिंतीपलीकडे विचारलं, "आत्ता मोजताना थांबलात का हो मधेच?"

"मी? छे ग. माझं मोजणं मोडलं तर मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. जगबुडी झाली तरी मी थांबत नाही."

बुधवारी ती स्टोअरमध्ये गेली. स्टोअरवाले काका दाराशी पेपर वाचत बसले होते.

"ये. तुझं पोरगं वरच्या फळीवर झोपलंय," ते म्हणाले. सगळ्या कॉम्प्युटरांना ते ताईची पोरं म्हणायचे. "हूं की चूं नाही त्याचं. एवढं गुणी पोर मी पाहिलं नाही."

मशीन फळीवर होतं. विजेची वायर नाही, नेटवर्कची वायर नाही. मागच्या भोकांतून नुसता अंधार दिसत होता. ताईने चिकटपट्टी काढली, झाकण उघडलं आणि बेलचं दुसरं कार्ड ओढून बाहेर काढलं. नऊपासून सोळापर्यंतच्या खाटा याच कार्डावर. नानांची अकरा नंबरची खाटही.

कार्ड तिने रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं आणि खाली आली.

पान उघडलं.

पाच नंबरच्या लाइनीपुढे आता एकच नाव होतं. जे कार्ड मशीनमध्ये होतं, त्याचं नाव गेलं होतं.

जे तिच्या पर्समध्ये होतं... ते राहिलं होतं.

बेल कार्ड दोन. व्यस्त.

ताईने पर्स उघडून पाहिली, कार्ड आतच होतं. पण ती उठली नाही. तिची नजर पुढच्या रकान्यावर गेली होती.

हाकेचा प्रकार. तिथे "सलग" होतं. काल होतं, परवा होतं.

आता तिथे लिहिलेलं होतं: माहीत नाही.

तिने रकाना उघडला, "सलग" निवडलं, जतन केलं. पान क्षणभर पांढरं झालं, परत आलं.

माहीत नाही.

पुन्हा निवडलं.

माहीत नाही.

तिसऱ्यांदा तिचं बोट बटणावरच राहिलं. कारण तिला आठवलं. हे शब्द तिने आधी पाहिले होते. इथेच. याच रकान्यात.

दीड वर्षापूर्वी दुसऱ्या मजल्यावर आठ खाटा वाढल्या. त्यांच्यासाठी दुसरं कार्ड बसवायचं होतं, आणि मशीनमध्ये एकही लाइन मोकळी नव्हती. पाच नंबरच्या लाइनीपुढे "दोघांत चालते: हो" असं होतं. मग दुसरं कार्डही त्याच लाइनीवर घातलं. प्रोग्रॅमने विचारलं, हाकेचा प्रकार कोणता? रकान्यात "माहीत नाही" होतं आणि पुढे लाल खूण. उत्तर दिल्याशिवाय पान जतन होत नव्हतं. उत्तर होतं कार्डाबरोबर आलेल्या माहितीपत्रकात. माहितीपत्रक खोक्यात, खोकं स्टोअरमध्ये. जेवायची वेळ झाली होती, वर अजून तीन मशीनं बाकी होती.

ताई खाली गेली नाही.

तिने अंदाजाने "सलग" निवडलं. लाल खूण हिरवी झाली.

बस. एवढंच.

आणि पुढे दीड वर्ष तो रकाना तिला तेच सांगत राहिला, जे तिनेच त्याला सांगितलं होतं. जिन्यात सिस्टरला ठणकावून सांगितलं तेही त्याच रकान्याच्या भरवशावर.

तिने पर्समधून कार्ड काढलं. स्टोअरवाल्या काकांकडून जुनं खोकं शोधून घेतलं. माहितीपत्रकाच्या दुसऱ्याच पानावर बारीक अक्षरात होतं. हाक एकदाच दिली जाते. लाइन दुसऱ्या कार्डासोबत वापरू नये.

टकटक.

एकदाच. आणि मग शांत.

गुरुवारी ताईने स्टोअरमध्येच टेबल मांडलं. काकांना म्हणाली, तासभर कुणाला आत सोडू नका. मशीनला वीज दिली, दोन्ही कार्डं बसवली, स्क्रीन जोडली. तीन नंबरचं बटण उजव्या हातात घेतलं. अकराचं डाव्या हातात.

दोन्ही एकदम दाबली.

स्क्रीनवर तीन नंबर उजळला. बेल वाजली.

अकरा नंबर अंधारात.

पुन्हा दाबली. तीन वाजला. अकरा नाही.

एकेक वेगळं दाबलं तर दोन्ही वाजत होती. थोडं पुढे-मागे झालं तरी दोन्ही वाजत होती. पण एकाच क्षणी दाबली की यंत्र एक हाक ऐकायचं, आणि दुसरी जणू कुणी मारलीच नव्हती. दीड वर्षात असा क्षण बहुधा कधी आला नसेल. आला असेल तर त्या माणसाने पुन्हा बटण दाबलं असेल. कुणीही दाबेल.

नाना सोडून.

त्या आजींनी ज्या क्षणी बटण दाबलं, त्याच क्षणी नानांनी अंगठा दाबला होता. दाबून धरला होता. आणि दुसऱ्यांदा दाबायचं म्हटलं तर आधी अंगठा उचलावा लागला असता.

ताईने वीस वेळा करून पाहिलं. का, ते तिलाही सांगता येईना. एकविसाव्यांदा एकदा तरी अकरा नंबर उजळावा, असं वाटत होतं म्हणे.

मग तिने दोन्ही बटणं टेबलावर ठेवली. हात मांडीत घेतले. आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

बाहेर काकांच्या पेपरची फडफड चालू होती.

थांबली.

ताईने मान वर केली.

स्क्रीनवर... अकरा नंबर उजळला होता.

बेल वाजत नव्हती. बटणाला कुणाचा हात नव्हता. ते टेबलावर, तिच्यापासून हातभर लांब, तिने ठेवलं तसंच पडलं होतं.

फक्त तो एक चौकोन. शांत. स्थिर. उत्तराची वाट बघत.

ताई सांगत होती, मला भीती वाटायला हवी होती. पण मला एवढंच वाटलं की मी फार उशिरा आले.

तिने हात पुढे केला आणि तो चौकोन दाबला. सिस्टर दाबतात तसा. मी येते आहे, असं कळवायला.

चौकोन विझला. बाहेर पेपर फडफडला.

"झालं का ग तुझं?" काकांनी विचारलं. "दोन वाजून गेले. जेवलीस तरी का?"

शुक्रवारी ताईने अहवाल लिहिला. दीड पान. अकरा नंबरची हाक मारली गेली होती. यंत्राने ती घेतली नाही. सिस्टरला ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. चूक माझी. रकाना मी अंदाजाने भरला. असंच कार्ड तिसऱ्या मजल्यावरही मीच बसवलेलं आहे, ते आजच काढावं.

मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं.

"हे असं लिहायलाच हवं का?" ते हळू आवाजात म्हणाले. "बिघाड, एवढंच लिहा. यंत्र आहे, बिघडतं. तुमचं दुःख काय कमी आहे?"

"बिघाड नव्हता साहेब," ताई म्हणाली. "यंत्राने बरोबर सांगितलं होतं. माहीत नाही, म्हणून. मीच ते खोडलं."

अहवाल देऊन ती खाली आली आणि तिने पान उघडलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली. ट्रॉली चालत राहिली. मावशी मोजत राहिल्या. आकडा हलला नाही. पाच नंबरची लाइन राखाडी झाली होती, बाकीच्यांसारखीच.

संपर्क नाही.

सुटल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण ती मला म्हणाली, "नाना त्या दिवशी गेले ग. गुरुवारी नाही, त्या शुक्रवारी."

तिसऱ्या मजल्यावरचं कार्ड तिने स्वतः बदललं, आणि मग तिचं काम सुटलं. दादाला तिने अहवाल स्वतः वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि निघून गेला. अजून बोलत नाही. मामी बोलते, पण नानांविषयी नाही.

धाकटी सिस्टर कामावर परत घेतली गेली. महिनाभराने ती ताईच्या घरी आली. बसली, पाणी प्यायली. ताईनेच हात जोडले.

"जिन्यात मी तुला बोलले..."

"ते जाऊ दे हो ताई. मी वेगळंच सांगायला आले. चौकशीत कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. त्या दिवशी दोनच्या आधी मी अकरा नंबरपाशी गेले होते. नाना जागे होते. मला म्हणाले, माझी मुलगी आज इथेच आहे का? मी म्हटलं, आहे की, खाली आहे, बोलावू का? तर म्हणाले..."



"काय म्हणाले?"

"म्हणाले, नको. कामात असेल. तिचं झालं की येईल."

ताई तेव्हा खालीच होती. चादरींच्या खोलीशेजारी. दोन मजले खाली, स्क्रीनसमोर. त्या दिवशी काय एवढं काम होतं, ते तिला आजही आठवत नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण गेल्या आठवड्यात मी ताईकडे गेले होते. आता ती घरीच लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. बाहेरच्या खोलीत टेबलावर कुणाचं तरी मशीन उघडून बसली होती. अगदी तल्लीन. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. मामी बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघीच.

बाहेरून स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"हो, आले," ताई म्हणाली.

मग खुर्ची सरकली. ती दारात येऊन उभी राहिली, हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच.

"तू हाक मारलीस?"

"नाही ग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. नाना असायचे त्या खोलीकडे. दार अर्धं लोटलेलं होतं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. स्क्रू-ड्रायव्हर ओट्यावर ठेवला आणि आत गेली.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. मधे मधे ती थांबायची... समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी. मग पुन्हा बोलायची. एकदा हसली सुद्धा.

चहा उकळून वर आला होता. मी गॅस बंद केला. दोन कप भरले, आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

चहा गार झाला.

पण तिला मधेच हाक मारायला माझी जीभ काही उचलली नाही.